मॉमी झेनीची तक्रार

झेनाइदाने आमच्या जेनालिनवर गावात तक्रार गुदरली. कशाची, तर कृतघ्नपणाची.

आमच्याकडे दोन माणसांचं वाजलं की आधी कापितानकडे जायचं, कोर्टाचं तोंड नंतर बघायचं. कापितान म्हणजे आम्ही मतं देऊन बसवलेला गावचा मुख्य, बोलताना त्याला नुसतं काप म्हणतात. बास्केटबॉलच्या मैदानाला लागून त्याचं सभागृह आहे, प्लास्टिकच्या खुर्च्या आणि दोन पंखे, त्यातला एक फिरतो. तिथे वकिलाला मज्जाव. ज्याचं त्याने आपल्या तोंडाने बोलायचं आणि आर्सेनिया चिटणीस ते हिरव्या वहीत उतरवून घेते. त्या वहीत शेजाऱ्याने मारलेली कोंबडी आहे, रात्रीतून सरकलेलं कुंपण आहे, बायकोवर उचललेले हात आहेत. पण एका बाईने येऊन सांगावं की अमकी पोरगी मला आईचा मान देत नाही, आणि ती पोरगी माझी नात असावी, हे वहीने पहिल्यांदाच पाहिलं.

झेनाइदा आमच्याच गावची. वाळत घातलेल्या खोबऱ्यावरच्या माश्या हाकत मोठी झाली, मग बोटीने सेबू शहरात गेली आणि तिथून मॉमी झेनी होऊन परत आली. दर वर्षी गावच्या सणाला यायची. देवळाला पंखे दिले, मुलांना दप्तरं दिली. एकोणीस पोरांच्या बाप्तिस्म्याला धर्ममाता म्हणून उभी राहिली, त्यात कापितानचा धाकटाही आला. जाताना एक-दोन मुलींना कामाला घेऊन जायची. काम म्हणजे हॉटेलात पाहुण्यांचं स्वागत. दोन वर्षांपूर्वी माझ्या दोन्ही नाती नेल्या. थोरली जेनालिन, तेव्हा वीस वर्षांची, आणि धाकटी लुवी, अठरा पुरी केलेली. माझ्या मेलेल्या लेकीच्या या मुली. बाप जहाजावर गेला तो जहाजाचाच झाला. मी चटया विणून त्यांना वाढवलं, आणि मीच त्यांची पिशवी भरून दिली. हे मी कोणाच्या माथी मारत नाही. माझ्याच हातांनी भरली.

या वर्षीच्या सणाच्या तीन महिने आधी जेनालिन एकटी परत आली. पायात दोन वेगळ्या चपला, दोन्ही डाव्या. काम काय होतं ते तिने मला अर्धवट विणलेल्या चटईवर बसून सांगितलं. मी ते सगळं इथे लिहीत नाही, मोठ्या माणसांना कळतं. लुवी अजून तिथेच होती.

मी जेनालिनला घेऊन तालुक्याच्या गावी पोलिसांत गेले. बायकांच्या तक्रारी घेणारी अधिकारी बाई भली होती. तिने पाणी दिलं, सगळं ऐकलं, मग म्हणाली, "लोला, घर कुठे आहे?"

लोला म्हणजे आजी. मला अख्खा जिल्हा लोला म्हणतो, हे सांगायला नको.

जेनालिनला घर माहीत नव्हतं. नेलं पडदे लावलेल्या गाडीतून. खिडक्यांना फळ्या ठोकलेल्या. पळाली ती रात्रीच्या अंधारात मागच्या भिंतीवरून उडी टाकून, धावत सुटली, आणि कोबीने भरलेल्या ट्रकवर चढून बसली ती थेट बंदरापर्यंत. एवढंच सांगत होती की पहाटे पावाचा वास यायचा.

"सेबूत पावाच्या भट्ट्या किती असतील, लोला?" अधिकारी बाई म्हणाली. "मला एक गेट दाखवा. कागदावर एक पत्ता द्या. मी माणसं घेऊन जाते."

म्हणजे मला हवं होतं ते एवढंच. एक गेट. त्याच्या मागे लुवी होती.

आणि अशात सण आला, आणि सणाला मॉमी झेनी आली.

मला वाटलं होतं, पोरगी पळून गावात आलीय म्हटल्यावर ही बया या वर्षी तोंड दाखवणार नाही. चोर लपतो. पण लपायला आपण काहीतरी केलंय असं वाटावं लागतं. ती आली, नवा झगा घालून आली, पोरांना गोळ्या वाटत आली. पावाच्या दुकानात जेनालिन तिच्या समोर पडली. सहा माणसांदेखत जेनालिन म्हणाली, "हिने मला विकलं."

झेनी तिथेच रडायला लागली. खोटं नाही सांगत, खरं रडली. दुकानदारणीने तिला स्टूल दिलं. दुसऱ्या दिवशी आमच्या दारात समन्स.

"मी नाही येणार," जेनालिन म्हणाली.

"यायचं. तू तोंड उघडू नकोस. तोंड माझ्याकडे आहे."

सभागृहात गेलो तर टेबलावर पान्सितचं पातेलं. शेवया, कोलंबी, वर अंड्याच्या चकत्या. झेनीने सगळ्यांसाठी आणलं होतं, आमच्यासाठीसुद्धा. कापितान तेओफिलो एक बशी संपवून दुसरीवर होता. हा माणूस वाईट नाही, पण याच्या डोक्यात एक पाटी आहे. ज्या गावातून वर्षभर एकही भांडण कोर्टात जात नाही, त्या गावाला प्रांताकडून पाटी मिळते म्हणे. तिच्यासाठी त्याने भिंतीवर खिळासुद्धा ठोकून ठेवलाय.

"लोला आन्सिंग, बसा," तो म्हणाला. "घरातलं भांडण आहे. घरातच मिटवू. खाऊन घ्या आधी."

"मी घरून खाऊन आले," मी म्हटलं. "कोणाच्या घरातलं भांडण आहे, तेवढं सांग."

झेनी उठली. तिने हातरुमाल काढला, तोही इस्त्रीचा.

"काप, मला पैसा नको, शिक्षा नको," ती म्हणाली. "मला फक्त एवढं विचारायचंय की मी काय कमी केलं? विकलं म्हणते ही. अहो, माणूस डुक्कर विकतो. मी आजवर एक तरी मुलगी विकलीय का? सगळ्या माझ्याकडेच आहेत."

कापितानने मान डोलावली. मुद्दा त्याला पटला.

"सगळ्या माझ्याकडेच आहेत," आर्सेनिया पुटपुटत लिहू लागली. "पुढे?"

आर्सेनियाबद्दल सांगते. चाळिशीची बाई, लग्न नाही, अक्षर मोत्यासारखं. तिला कोणी म्हटलं की थोडक्यात लिही, तर तिचा अपमान होतो. मागे एकदा कुत्रा चावल्याच्या तक्रारीत तिने कुत्र्याचं वय लिहून घेतलं होतं.

"फोन कोणी काढून घेतला पोरींचा?" मी विचारलं.

"मी," झेनी म्हणाली. "घेतलाच पाहिजे. फोनने मुली बिघडतात. काप, तुम्ही नाही घेतला तुमच्या मुलीचा?"

"परीक्षा होती तिची," कापितान म्हणाला.

"माझ्या मुलींची रोज परीक्षा असते."

"आणि दाराला कुलूप?"

"सात तरण्या मुलींचं घर, कुलूप नको? शहर आहे ते, लोला. माणसं काय एकेक असतात."

"कुलूप बाहेरून होतं."

"आतून लावलं तर त्या उघडतील ना," झेनी म्हणाली. मला एवढीशी गोष्ट समजत नाही याचं तिला खरंच वाईट वाटलं.

"जरा हळू," आर्सेनिया म्हणाली. "'आतून लावलं तर त्या उघडतील.' यापुढे?"

कापितानचा चमचा थांबला. "आर्सेनिया, एवढं तपशिलात नको. थोडक्यात लिही, कुलूप होतं."

"थोडक्यात कसं लिहू? बाहेरून की आतून, हा तर वादाचा मुद्दा आहे."

"लिहू दे, काप," झेनी म्हणाली. "सगळं लिहू दे. एकदाचं कळू दे गावाला, मी काय काय केलं यांच्यासाठी."

आणि मग ती बोलतच सुटली. मी बऱ्याच बढाईखोर बायका पाहिल्यात, माझी विहीणच त्यातली, पण असं नाही पाहिलं. म्हणे, माझ्या मुली मला मॉमी म्हणतात. म्हणे, पाहुणा दारू पिऊन आला तर मी आधी त्याला कॉफी पाजते, मगच आत सोडते. एका पाहुण्याने जेनालिनच्या दंडावर वळ उठवले, तर मी त्याला तोंडावर सुनावलं आणि महिनाभर दुसऱ्या मुलीकडे पाठवलं. कोणी रडत असेल तर मी स्वतः जवळ बसते, पाहुणा येईपर्यंत बसते. मागे एकदा एक मुलगी पळाली, तिला शोधून आणलं, तेव्हा मी दोन दिवस जेवले नाही, इतकं मनाला लागलं. तिलाही दिलं नाही. दोघी उपाशी. आईचं काळीज म्हणतात ते हे.

"'तिलाही दिलं नाही,'" आर्सेनिया म्हणाली. "ती मुलगी कोण?"

"नाव घालू नको, बिचारीची अब्रू आहे," झेनी म्हणाली.

माझ्या शेजारी जेनालिन दोन्ही हात मांड्यांखाली दाबून बसली होती. मी तिच्या पाठीवर हात ठेवला. पाठ फळीसारखी कडक.

कापितानने बशी बाजूला सारली आणि निवाडा दिला. निवाडा असा: जेनालिनने सगळ्यांसमोर मॉमी झेनीचा हात आपल्या कपाळाला लावावा आणि माफी मागावी. झेनीने तिला माफ करावं. मग सगळ्यांनी उरलेलं पान्सित खावं.

वडील माणसाचा हात कपाळाला लावणं ही आमच्याकडे लहान गोष्ट नाही. ज्याचा हात लावला तो आपला मोठा, आपण त्याचे. झेनीने लगेच हात पुढे केला. चार अंगठ्या आणि लाल नखं. जेनालिन हलली नाही.

मी दुसरी इयत्ता शिकलेली बाई. पण चटई विणणाऱ्याला एक कळतं, की पट्टी उलटी आली तर ती तोडायची नसते, वरून घालायची ती खालून घालायची. त्या हाताकडे बघता बघता माझ्या डोक्यात ते आलं.

"काप," मी म्हटलं, "लावेल की. का नाही लावणार? ही बाई म्हणते मी हिची आई. असेल. पण हिची आई तर माझी मुलगी होती. म्हणजे झेनी आता माझ्या मुलीच्या जागी आली. होय ना?"

कापितानने विचार केला. "तसं म्हटलं तर, होय."

"मग आजवर या माझ्या मुलीने माझा हात कपाळाला लावलेला मला आठवत नाही. दोन वर्षांत सणालाही नाही. आधी मोठ्यांचा मान, मग लहानांचा. की रीत बदलली?"

मागे बसलेल्या बायका कुजबुजल्या. रीत बदलली नव्हती. कापितान म्हणाला, रीत ती रीत.

मला वाटलं होतं झेनी चिडेल. कुठली चिडतेय. तिचा चेहरा उजळला. ती टेबलाला वळसा घालून आली, माझ्यापुढे गुडघे टेकले, माझा हात घेतला आणि कपाळाला लावला. कपाळावरची पावडर माझ्या बोटांना लागली. "नानाय," ती म्हणाली. नानाय म्हणजे आई. आणि पुन्हा रडायला लागली. "मला कोणी नव्हतं हो. मावशीने तेराव्या वर्षीच पाठवून दिलं होतं मला कामाला. सगळं जगणं दुसऱ्यांच्या मुलींसाठी गेलं."

तेरा हा आकडा ऐकून एक क्षण मला तिची कीव आली, ती मी तिथेच दाबली. लुवी गेटाच्या मागे होती.

"ऊठ, लेकी," मी म्हटलं. "आता आई विचारते त्याला उत्तर दे. दोन वर्षं माझ्या नाती तुझ्याकडे, आणि तू आईला एकदा घरी बोलावलं नाहीस. लाज वाटते का घराची? गावात बोलतात, मासळी बाजारामागे एक पत्र्याची खोली आहे तुझी, पाऊस आला की पोरी बादल्या लावतात."

असं कोणीच बोलत नव्हतं. मी बोलत होते.

झेनी ताडकन उठली. "कोण म्हणतं पत्र्याची? दोन मजली घर आहे माझं, नानाय. खाली फरशी, वर फरशी. दर खोलीत एसी."

"असेल. बोलायला काय जातं? शहरातल्या घराला कोण जाऊन बघतंय."

"सान रोके देवळाची मागची गल्ली. कोपऱ्यावर भट्टी आहे पावाची, तिला लागून. निळं गेट."

"निळं म्हणजे आकाशी की गडद?" आर्सेनियाने विचारलं.

"गडद. त्यावर दोन पांढरे हंस काढून घेतलेत, चोचीला चोच लावून. मुद्दाम काढले, पाहुण्याची वाट चुकायला नको."

"गल्लीत शिरल्यावर डावीकडे की उजवीकडे?"

"डावीकडे. समोर गॅसच्या टाक्यांचं दुकान."

"आर्सेनिया," कापितान हळूच म्हणाला. त्याला आता घाम फुटला होता. फिरणारा पंखा त्याच्याकडेच तोंड करून होता तरी. "हंस कशाला लिहितेस?"

"तुम्ही सांगा मग, काय लिहू? बदकं?"

मी जेनालिनकडे पाहिलं. तिचा श्वास हळूहळू सुटत होता. पावाचा वास आता गेटाला जोडला गेला होता.

झेनी पुन्हा हात पुढे करून उभी राहिली. आता जेनालिनची पाळी होती.

"थांब," मी म्हटलं. "दोघी बहिणी. एकीने आज लावला आणि दुसरीचा राहिला, तर लुवीला काय वाटेल? लुवी आली की दोघी मिळून लावतील. जोडीने."

झेनीच्या तोंडावर इतकं प्रेम आलं की बघवेना. "लुवी गुणी आहे," ती म्हणाली. "ती कधी पळाली नाही. तिला मी पुढच्या सणाला आणेन, नानाय. वचन."

कापितान सुटला. त्याने लिहायला सांगितलं की भांडण मिटलं, उरलेला मान लुवी आल्यावर. सगळ्यांनी सह्या केल्या. झेनीने आपल्या नावाखाली एक छोटं फूल काढलं. दोन्ही बाजूंना वहीतल्या मजकुराची प्रत मिळते, शिक्क्यासकट. झेनी म्हणाली, तिची प्रत जाड कागदावर काढा, तिला चौकट करून बैठकीत लावायचीय. मला साध्या कागदावरची चालली.

दुसऱ्या दिवशी पहिल्या जीपने मी तालुक्याला गेले. अधिकारी बाईने प्रत वाचली. मग खुर्ची पुढे ओढून पुन्हा वाचली. मग दोघांना हाका मारल्या आणि त्यांनी तिच्या खांद्यावरून वाचली.

"ही सही तिचीच?"

"फूलही तिचंच."

"कोणी धमकावलं होतं का तिला हे लिहून द्यायला?"

"आम्ही तिला थांबवत होतो," मी म्हटलं. "कापितानने तर दोनदा."

आठ दिवसांनी, झेनी शहरात पोचल्याची खात्री करून, ते गेले. मी म्हटलं मी येणार. नाही म्हणाले. मी बोटीवर जाऊन बसले, मग काय करतात. जेनालिनलाही घेतलं. भर दुपारी गल्लीच्या तोंडाशी आम्ही दोघी पोलिसांच्या गाडीत बसलो होतो. भट्टीतून पाव निघत होते. जेनालिनने नाकावर हात धरला.

हंस खरेच होते. बरे काढले होते.

गेट झेनीनेच उघडलं, घरातल्या कपड्यांत, केसांना कुरळे करायच्या नळ्या लावलेल्या. तिने पोलीस पाहिले, मग त्यांच्या मागून चालत येणारी मी दिसले. मला गाडीत थांबायला सांगितलं होतं, पण सांगणाऱ्याचं वय तीस.

"नानाय," ती म्हणाली, "माणसं घेऊन आलात, आधी कळवायचं ना. काहीतरी रांधलं असतं."

तिला खरंच वाटलं मी भेटायला आलेय. हातात बेड्या पडेपर्यंत तिला तेच वाटत होतं, आणि पडल्यावरही ती पोलिसांना माझ्याकडे बोट करून सांगत होती, "यांना विचारा. या माझ्या आईसारख्या आहेत. मी कोण आहे ते यांना माहीत आहे."

"माहीत आहे," मी म्हटलं.

बैठकीत ती चौकट लागलेली होती. पोलिसांनी भिंतीवरून काढून पुराव्यात घेतली.

सहाजणी बाहेर आल्या. लुवी सर्वांत शेवटी. तिने माझ्याकडे पाहिलं, पण ओळखीच्या माणसाकडे बघतात तसं नाही. तिच्या हातात झेनीच्या सपाता होत्या.

"मॉमी अनवाणी गेली," ती म्हणाली. "हे कोणाकडे देऊ?"

मी जन्मभर एवढी बोलले. बाजारात व्यापाऱ्यांना, देवळात पाद्र्याला, घरात सगळ्यांना. त्या गेटात माझ्या तोंडून शब्द निघाला नाही. जेनालिनने पुढे होऊन तिच्या हातून सपाता काढून घेतल्या आणि उंबऱ्यावर नीट जोडून ठेवल्या. तिला कळलं ते मला कळलं नव्हतं.

घरी आल्यावर लुवी सगळं विचारून करायची. लोला, पाणी पिऊ का? लोला, अंगणात जाऊ का? लोला, झोपू का आता? मी आधी प्रत्येकाला हो म्हणायची. मग म्हणायला लागले, मला नको विचारू. तर ती दाराशी उभी राहायची, तशीच, कोणीतरी विचारण्यासारखं येईपर्यंत. मॉमीचा विषय निघाला की म्हणायची, "ती वाईट नव्हती, लोला. आमच्यासाठी टीव्ही घेतला होता." जेनालिन उठून बाहेर जायची. मला झेनीला उभं चिरावंसं वाटायचं आणि समोर बसलेली असायची लुवी. जीभ धारदार असून उपयोग काय, कापायचं ते पोरीच्या आत होतं.

दोन महिन्यांनी आमच्या दारात पुन्हा समन्स.

तुरुंगातून झेनीने लेखी तक्रार पाठवली होती. दोन मुली आहेत, तालुक्याला जायला जीप मिळते, बोटही मिळते, तरी एकदासुद्धा भेटायला आल्या नाहीत. साबणही पाठवला नाही. ठरलेला मान अजून दिलेला नाही, सबब झालेला समझोता मोडला आहे. कापितानने ते समन्स काढलं होतं. मी त्याला धारेवर धरायला गेले तर तो माझ्याकडे न बघता म्हणाला, "लोला, लेखी तक्रार आली की समन्स काढावं लागतं. तीन तारखा द्याव्या लागतात. तिन्ही वेळा तक्रारदार आला नाही की फेटाळली जाते. ती येणार नाहीच. मला हे कागदावरच मिटवू द्या." भिंतीवरचा खिळा अजून रिकामाच होता.

लुवीने केस विंचरले. "जाऊ का, लोला?"

नाही म्हणावं, तर मीही एक कुलूपच. मी म्हटलं, तुला वाटतं तसं कर. ती दारात इतका वेळ उभी राहिली की उन्हाची तिरीप तिच्या पायावरून सरकून भिंतीला लागली. मग गेली. मी मागून गेले.

पहिल्या तारखेला ती रस्त्याकडे बघत बसली. दुसऱ्या तारखेलाही. आर्सेनियाने दोन्ही वेळा लिहिलं, तक्रारदार गैरहजर. तिसऱ्या तारखेला जेनालिनही आली, न बोलावता, आणि दारात टेकून उभी राहिली. कापितानने घड्याळ पाहिलं, तक्रार फेटाळली आणि सुटल्यासारखा चहा आणायला गेला.

लुवी उठली नाही. आर्सेनियाला आमच्या पोरी आते, म्हणजे ताई, म्हणतात. "आते आर्सेनिया," ती म्हणाली, "त्या दिवशी मॉमीने माझ्याबद्दल काय सांगितलं होतं? मला वाचून दाखवाल?"

आर्सेनियाने माझ्याकडे पाहिलं. मी खांदे उडवले. तिने पानं उलटली आणि वाचायला लागली. तिचा आवाज कुत्र्याच्या तक्रारीला जसा, तसाच याला. चढ नाही, उतार नाही. फोन. कुलूप. कॉफी पाजते, मगच आत सोडते. पाहुणा येईपर्यंत जवळ बसते. लुवी मान खाली घालून ऐकत होती. एकदा तिला हसू आलं, कुठल्या ओळीला ते आठवत नाही. मग आर्सेनियाने एक ओळ वाचली जी मी त्या दिवशी ऐकलीच नव्हती. माझं लक्ष तेव्हा गेट कसं काढायचं याच्यात असणार.

"'लुवीचा वाढदिवस मी दर वर्षी न चुकता करते. चौदा मार्च. केक आणते, तिला दुपारपर्यंत सुट्टी देते. सख्ख्या आईने केला नसता.'"

लुवीने मान वर केली. "पुन्हा वाचा."

आर्सेनियाने पुन्हा वाचलं.

"लोला, माझा वाढदिवस ऑक्टोबरात ना?"

"ऑक्टोबर. बावीस."

"तिने माझ्या कागदांवर मार्च केला होता. बोटीवर चढण्याआधी, नवीन कार्ड करताना. म्हणाली, गावच्या नोंदीशी काही जुळायला नको, कोणी विचारलं तर हेच सांगायचं." ती हळूहळू बोलत होती, एकेक शब्द उचलून बघितल्यासारखी. "तिनेच बदलला. आणि मग त्याच दिवशी केक आणला. मी मेणबत्त्या विझवल्या. दोनदा. आणि मी तिला थँक यू म्हटलं."

दारातून जेनालिन आत आली आणि तिच्या शेजारच्या खुर्चीवर बसली.

"ती ओळ खोडा," लुवी म्हणाली.

"वहीतलं खोडता येत नाही," आर्सेनिया म्हणाली. "खाली लिहिता येतं."

"मग लिहा."

आर्सेनियाने पेनाचं टोपण काढलं. "काय लिहू?"

"बावीस ऑक्टोबर."

"वेळ?"

लुवीने माझ्याकडे पाहिलं. आल्यापासून पहिल्यांदा ती काही करू का असं विचारत नव्हती, मला माहीत असलेलं मागत होती.

"सकाळी," मी म्हटलं. "तिच्या आईला कळा आल्या तेव्हा मी चटयांचं गवत वाळत घालत होते."

"सकाळ म्हणजे किती वाजता?"

"घड्याळ नव्हतं घरात. ओहोटी लागली होती. बायका शिंपल्या वेचायला निघाल्या होत्या, पाणी गुडघ्याएवढं होतं."

"ते लिहू?"

"तिला विचार," मी म्हटलं.

"लिहा," लुवी म्हणाली. "गुडघ्याएवढं पाणी."